बोटीची शिडी तुटली: जुनीच जोडावी की नवी बसवावी?

पावसाळा सरल्यावर गंगापूर धरणाच्या फुगवट्यात आमची सोळा फुटी फायबरची बोट पुन्हा उतरवली. पहिल्याच रविवारी पोहून आलेला पुतण्या वर चढत असताना शिडीचा डावा पाइप बिजागरीपाशी तुटला. तो उजव्या पाइपला लोंबकळला, मी दंड धरून त्याला वर घेतलं. अंगात लाइफ जॅकेट होतं, तरी पोर पांढरंफटक पडलं होतं. शिडीचं काम तेव्हापासून मी उद्यावर टाकत नाही.

जुनी बोट असेल तर रस्ते दोनच: तुटलेली शिडी आर्गन वेल्डिंगने जोडून घ्यायची, नाहीतर नवी टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची, बसवायची. दोराची शिडी मी मोजतच नाही. पाय टाकला की ती बोटीच्या पोटाखाली जाते आणि सगळा भार हातांवर येतो.

आधी मी नवीच मागवली. देखणी आहे, मिटली की जागा खात नाही. शिवाय ती पाण्यात खोल जाते, आणि हा गुण मोठा आहे. खालची पायरी पाण्याखाली निदान 560 मिलिमीटर असावी असं लहान बोटींचं मानक सांगतं. आमची जुनी तेवढी जात नव्हती. नळ्यांत गाळ बसून त्या अडकतात म्हणे, पण तेवढं धुऊन भागलं असतं.

घोडं अडलं ते भोकांपाशी. नव्या शिडीच्या पट्ट्या मागच्या भिंतीला लावून पाहिल्या, तर चारांपैकी एकच भोक जुळलं. बाकीची तीन अर्धी जुन्या भोकावर, अर्धी बाहेर. म्हणजे जुनी इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या चिकट राळेने) बुजवा, ती सुकू द्या, मग शेजारी नवी पाडा. आतले नट पेट्रोलच्या टाकीमागे, तिथे हात जेमतेम मनगटापर्यंत पोचतो. तेही केलं असतं. पण जुना बोल्ट काढून भोकात स्क्रू-ड्रायव्हर फिरवला, तर टोकाला काळपट, ओला भुसा आला. आमच्या बोटीत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड आहे आणि इंजिनही त्याच भिंतीवर टांगलेलं आहे. प्लायवूड आधीच पाणी प्यायलेलं असताना तिथे आणखी तीन भोकं पाडायला माझा हात धजावला नाही.

मग तुटकी शिडी नाशिकच्या अंबडमधल्या एका वर्कशॉपात नेली. मिस्त्रींनी तुटलेलं टोक उजेडात धरलं. "भाऊ, जोड शाबूत आहे. जोडाशेजारचा पाइप गेलाय." स्टेनलेस स्टीलमध्ये कार्बन जास्त असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या कडेचं क्रोमियम त्याच्याशी बांधलं जातं, तिथला गंजरोध कमी होतो आणि कालांतराने तडा जातो. इथेही तसंच झालं असावं. म्हणून नुसता टाका मारून घेऊ नका. खराब तुकडा कापून 304 एल या कमी कार्बनच्या स्टीलचा दोन मिलिमीटर जाडीचा पाइप आणि 308 एल चा फिलर, म्हणजे जोडात वितळवायची तार, वापरायला सांगा. रेलिंगच्या दुकानात 304 म्हणून 202 ही हलकी जात हातात पडू शकते, आणि लोहचुंबकाने ते ओळखता येत नाही, दोन्हींना तो चिकटत नाही. बिल घ्या, स्टीलची जात ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब समोर टाकून घ्या. धरणाच्या गोड्या पाण्याला 304 पुरतं. बोट अलिबागकडे न्यायची असेल तर 316 बघा.

त्याच बैठकीत खाली एक पायरी वाढवून घेतली, त्यामुळे नवीचा मोठा गुण जुनीतही आला. भोकं महिनाभर उघडी ठेवून वाळवली, आतून इपॉक्सी पाजली आणि बोल्ट सीलंट लावून जुन्याच जागी बसवले.

तुमच्या बोटीची भिंत ठणठणीत कोरडी असेल, किंवा शिडी दोन-तीन ठिकाणी गेली असेल, तर नवी घेणं कदाचित शहाणपणाचं ठरेल. सगळ्यांच्या बोटी आमच्यासारख्या नसतात. पण पैसे मोजण्याआधी पुठ्ठ्यावर जुन्या भोकांचा छाप घ्या आणि एक बोल्ट काढून आत बघा. भुसा ओला निघाला, तर मी तरी जुनीच जोडा म्हणेन.

परवा टाकीमागे हात घालून चारही नट चाचपले. कोरडे होते. पुतण्या अजून चढताना डावा पाइप आधी ओढून बघतो, मगच पाय ठेवतो.