होम्बु डोजो, टोकियो : आयकिडोचा कस कुठे लागतो

टोकियोच्या शिन्जुकु भागात, ओएदो मार्गावरील वाकामात्सु-कावादा स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आयकिडो या जपानी युद्धकलेचे मुख्यालय, म्हणजे होम्बु डोजो आहे. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांनी १९३१ मध्ये याच ठिकाणी कोबुकान ही तालीम उभारली, आणि आज त्यांचे नातू मोरितेरु उएशिबा तिसरे डोशु, म्हणजे या कलेचे प्रमुख, म्हणून ती परंपरा चालवत आहेत. पुण्यात आयकिडो शिकलेल्या माझ्यासारख्यांना या जागेची ओढ असणे स्वाभाविक आहे. मात्र देवदर्शनाला जावे तसे येथे जाऊ नये. येथे मिळते ते शिक्षण कितपत अस्सल आहे, एवढाच प्रश्न मनात ठेवून जावे. हे परीक्षणही त्याच प्रश्नाला धरून आहे.

हा प्रश्न पडण्याचे कारण आयकिडोच्या रचनेतच आहे. कुस्तीत किंवा ज्युडोत कोण किती पाण्यात आहे ते लढतीत उघड होते. होम्बु ज्या संस्थेचे मुख्यालय आहे त्या आयकिकाईच्या आयकिडोत लढतीच नाहीत; दोघे जण आळीपाळीने हल्ला करतात आणि आळीपाळीने पडतात. हल्ला करणाऱ्याने, म्हणजे उकेने, तोल जाण्याआधीच अंग टाकून दिले, तर अगदी सामान्य शिक्षकही थोर दिसू लागतो, आणि त्या कौतुकावर वाढलेले विद्यार्थी पुढे स्वतः शिकवू लागतात तेव्हा त्यांच्या हाती केवळ देखणी हालचाल उरलेली असते. असे वर्ग मी भारतातही पाहिले आहेत आणि जपानमध्येही. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही.

होम्बुतील नेहमीचा वर्ग तासाभराचा असतो. शिक्षक तंत्र दाखवतात, फारसे बोलत नाहीत, आणि जोड्या सरावाला लागतात. ज्याच्यासमोर सुरुवातीला नमस्कार करून बसलात, त्याच्याचबरोबर बहुधा पूर्ण तास काढायचा, असा येथला प्रघात आहे. नवख्या पाहुण्याला तो जाचक वाटेल, परंतु माझ्या मते गुणवत्ता राखण्याची या डोजोतील सर्वांत भक्कम सोय हीच आहे. समोरचा माणूस अनोळखी असतो, वेगळ्या शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेला असतो, आणि तुमची किंवा तुमच्या शिक्षकाची भीड बाळगण्याचे त्याला काहीच कारण नसते.

एका सकाळी माझ्या वाट्याला केस पिकलेले, गुडघ्यांवर विरलेला हाकामा (चुण्यांचा घोळदार पायजमा) घातलेले एक गृहस्थ आले. तंत्र होते शोमेनउची इक्क्यो : हाताच्या कडेने थेट कपाळावर वार येतो, तो वर चढत असतानाच मनगट आणि कोपर हाती घेऊन हल्लेखोराला खाली न्यायचे. एकदा मी मुद्दाम जागेवरच उभा राहिलो, तेव्हा त्यांचा हात वळला नाही की मंदावला नाही; तो कपाळापाशी येऊन नेमका थांबला. पुढे मी तंत्र केले, तेव्हा त्यांचे कोपर जोवर त्यांच्याच कानाच्या दिशेने जात नव्हते, तोवर ते शांतपणे उभे होते. कोपर तसे गेले तेव्हा त्यांची टाच उचलली गेली आणि मगच ते खाली गेले. त्यात अडवणूक नव्हती; मुद्दाम अंग ताठ करून नवशिक्याची फजिती करणे हासुद्धा अप्रामाणिकपणाच आहे, आणि तो आयकिडोत काही कमी नाही.

आता उणी बाजू. येथील पदवी परीक्षांमध्ये सरावाच्या दिवसांची किमान अट आहे : पाचव्या क्युसाठी (क्यु म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या, पाचव्यापासून पहिल्यापर्यंत उतरत्या क्रमाने मोजल्या जाणाऱ्या पायऱ्या) ३०, मग ४०, ५०, ५०, ६० आणि शोदानसाठी, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पहिल्या दानसाठी, ७०, म्हणजे काळ्या पट्ट्यापर्यंत एकूण ३०० दिवस. त्यानंतर दुसऱ्या दानसाठी २००, तिसऱ्यासाठी ३०० आणि चौथ्यासाठी ४०० दिवस. अट चांगली आहे, तरी हजेरी म्हणजे कसब नव्हे. शिवाय पाचव्या दानपासून पुढे परीक्षा नसून शिफारशीवर पदवी मिळते. जे लोक इतरांना घडवतात, त्यांचीच पारख शिफारशीवर सोडणे मला पटत नाही.

कला बदलू नये, असे मात्र म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मोरिहेई यांचे पुत्र किस्शोमारु उएशिबा यांनी तंत्रांची घडी बसवून ती सर्वसामान्यांसाठी खुली केली, म्हणूनच आयकिडो जगभर गेले. प्रामाणिकपणा कसा टिकवावा, याची उत्तरे संस्थापकांच्या शिष्यांनी वेगवेगळी दिली. वासेदा विद्यापीठात शिकवणाऱ्या केंजी तोमिकी यांनी सरळ स्पर्धा आणली, ज्यात एकाच्या हाती नकली सुरी असते आणि दुसरा निःशस्त्र असतो. तेथे खोटे पडून गुण मिळत नाहीत, पण गुण मिळवून देणारी मोजकीच तंत्रे घोटली जाण्याचा धोका असतो. गोझो शिओदा यांनी १९५५ मध्ये योशिनकान स्थापून पायाभूत हालचालींच्या कडक कवायतीवर भर दिला. इवामा येथे मोरिहिरो साइतो यांनी आधी घट्ट पकड, मग प्रवाही हालचाल हा क्रम जपला आणि लाकडी तलवार व काठी यांचे शिक्षण हातांच्या तंत्रांशी जोडून ठेवले. होम्बुच्या नेहमीच्या वर्गांत शस्त्रांचे असे पद्धतशीर शिक्षण मिळत नाही, आणि वार कुठून व कसा येतो याची समज त्यामुळे लंगडी राहते, असे माझे मत आहे. ज्याला तेच शिकायचे आहे, त्याने टोकियोत वेळ न घालवता इबाराकी प्रांतातील इवामा गाठावे.

बाकीच्यांनी होम्बुला अवश्य जावे. वर्ग निवडताना शिक्षकाच्या पदवीपेक्षा त्याचे उके पाहावेत : वार सरळ येतो का, तोल गेल्यावरच पडतात का, आणि तंत्र फसले तर उभे राहतात का. क्यु पदवीच्या विद्यार्थ्यांनी नवशिक्यांच्या वर्गापासून सुरुवात करावी. नेहमीच्या वर्गात जोडीदार कोण मिळेल याचा नेम नसतो आणि पडण्याचा सराव कच्चा असेल तर खांदा दुखावतो.