मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: सेकंडहँड गाडीच्या इंजिनातली ठकठक शोधताना आलेला काही महिन्यांचा अनुभव

डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखाच, फक्त पुढे चकतीला फूटभर लांबीची स्टीलची सळई बसवलेली, असा मेकॅनिक लोकांचा स्टेथोस्कोप मिळतो. तो वापरायला लागून आता बरेच महिने झालेत. घ्यायचं कारण म्हणजे सेकंडहँड घेतलेली ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी. इंजिन गरम झालं की आयडलिंगला खालून ठक ठक असा जड आवाज यायचा आणि गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून जरा वेळ ऐकलं आणि सांगून टाकलं, रॉडचं बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे जोडला जातो तिथलं) गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. एवढं मोठं काम नुसत्या कानावर ठरवायचं हे काही पटेना म्हणून म्हटलं आधी आपण नीट ऐकू. घेतला ते फार बरं झालं, जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाकडे हे असायला हवं असं माझं ठाम मत आहे.

पण एक आधीच सांगतो, हे साधन फक्त आवाज कुठे आहे ते सांगतं. आवाज कधी येतो हे आपल्यालाच बघावं लागतं, आणि निदानाचा अर्ध्याहून जास्त भाग तिथेच आहे. थंड इंजिन चालू केल्यावर काही सेकंद टिकटिक होऊन बंद होते ती बहुतेक हायड्रॉलिक लिफ्टरची (व्हॉल्व्हकडची फट ऑइलच्या दाबाने भरून काढणारा भाग), रात्रभरात खाली उतरलेलं ऑइल परत भरलं की ती थांबते. थंडपणी जोरात आणि गरम झाल्यावर कमी किंवा बंद, तर पिस्टन सिलिंडरमध्ये आपटतोय का ते बघायचं, कारण गरम झाल्यावर पिस्टन फुगतो आणि फट कमी होते. चढाला वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बारीक खळखळ, तो बेअरिंगचा आवाज नव्हेच, पेट्रोलचं मिश्रण नको तेव्हा पेटतंय, मग पेट्रोलचा ऑक्टेन, आत साचलेला कार्बन, इग्निशनचं टायमिंग हे बघायचं. रॉड बेअरिंगचं पिस्टनच्या आवाजाच्या नेमकं उलटं असतं, इंजिन तापून ऑइल पातळ झालं की आवाज वाढतो आणि २,०००-२,५०० आरपीएमला रेस धरून पटकन सोडली की तो जास्त स्पष्ट ऐकू येतो.

अजून एक गोष्ट म्हणजे आवाजाचा वेग. क्रँक (पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) दोनदा फिरतो तेव्हा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा फिरतो. म्हणजे आयडलिंग ८०० आरपीएमला असेल तर क्रँकशी जोडलेला ठोका सेकंदाला साधारण १३ वेळा आणि टॅपेटकडचा, म्हणजे कॅमने हलणाऱ्या व्हॉल्व्हच्या भागांचा, सहा-सात वेळा. १३ ठोके कोणी कानाने मोजू शकत नाही पण जलद आहे की निम्म्या वेगाचा आहे हा फरक थोड्या सवयीने नक्की कळायला लागतो.

आता प्रत्यक्ष वापर. सळई पत्र्यावर टेकवायची नाही, बोल्टच्या डोक्यावर किंवा जाड कास्टिंगवर टेकवायची. ऑइल चेंबर पातळ पत्र्याचा असेल तर तिथे सगळेच आवाज मोठे होऊन येतात आणि माणूस उगाच घाबरतो. आणि एका जागेवरून कधीच ठरवायचं नाही, एकसारख्या जागांची तुलना करायची, म्हणजे चारही इंजेक्टर एकामागोमाग, मग टॅपेट कव्हरचे बोल्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग ब्लॉकच्या खालच्या बाजूला प्रत्येक सिलिंडरच्या रेषेत. इंजेक्टर ऐकताना तर मजा येते, प्रत्येकाची क्लिक क्लिक इतकी स्वच्छ येते की एखादा गप्प असेल तर लगेच कळतो. अल्टरनेटर, वॉटर पंप, बेल्टचा टेन्शनर यांच्या बॉडीवरही टेकवून बघायचं, घरघर करणारं बेअरिंग तिथल्या तिथे सापडतं. फक्त बेल्ट आणि फॅनपासून नळी, बाह्या, केस लांब ठेवा. इलेक्ट्रिक फॅन मध्येच आपोआप चालू होतो हे डोक्यात पक्कं असू द्या.

माझ्या गाडीत टॅपेट कव्हरवर काहीच वावगं नव्हतं. ब्लॉकवर ठकठक होती पण सगळ्या सिलिंडरजवळ जवळपास सारखी, कुठे एका जागी वाढत नव्हती. मग इंजिन चालू असताना एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघितलं. रॉडचं बेअरिंग असेल तर त्या सिलिंडरवरचा दाब गेल्यावर ठोका मऊ पडतो किंवा गायब होतो. (कॉइल काढून हेच करता येतं पण मग न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, म्हणून इंजेक्टरचंच काढलेलं बरं, आणि तेही अगदी थोडा वेळ, चेक इंजिनचा दिवा लागतो तो नंतर स्कॅनरने घालवायचा.) एकाही सिलिंडरने आवाजात फरक पडला नाही. सळई मागे मागे नेली तसा आवाज वाढत गेला आणि गिअरबॉक्स जिथे इंजिनाला जोडला जातो त्या बेल हाउसिंगवर कानात अक्षरशः हातोडा पडल्यासारखा आला. ब्रेक दाबून डी मध्ये टाकलं तर तोच आवाज जवळपास बंद, परत पार्कमध्ये आणलं की चालू.

तरीही ऑइलचं प्रेशर बघितल्याशिवाय इंजिन चांगलं आहे असं म्हणायचं नव्हतं. डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या दिव्यावर विसंबण्यात अर्थ नाही, तो प्रेशर पार तळाला गेल्यावरच पेटतो. ऑइल प्रेशरचा सेन्सर काढून तिथे साधा मेकॅनिकल गेज लावला, गाडी पूर्ण गरम करून मोजलं. दर १,००० आरपीएमला निदान १० पीएसआय असा एक जुना ढोबळ हिशोब आहे, खरा आकडा मात्र गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरायचा. प्रेशर व्यवस्थित होतं.

मग बेल हाउसिंगचं खालचं छोटं कव्हर उघडलं आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. फ्लेक्स प्लेट (क्रँकच्या मागच्या टोकाला बसवलेली पातळ चकती) टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनाची शक्ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) ज्या बोल्टांनी जोडलेली असते त्यातला एक जागेवरच नव्हता आणि बाकीचे ढिले. भोकाच्या कडा घासून आरशासारख्या चकाकत होत्या आणि भोवती लालसर तांबूस पूड बसली होती, दोन धातू एकमेकांवर सतत घासल्याची ती खूण. प्लेटला कुठे तडा आहे का ते टॉर्च मारून सगळीकडे बघितलं, नव्हता. नवीन बोल्ट, थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद), मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क (आवळायचा जोर), आणि आवाज गेला तो आजतागायत परत आलेला नाहीये. याच आवाजाला रॉड नॉक, म्हणजे रॉड बेअरिंगचा ठोका, समजून चांगली इंजिनं खोलली जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण निदान करायला लागतो तो फक्त थोडा वेळ.

उलटंही झालंय. मित्र एक जुनी गाडी घ्यायच्या बेतात होता, चालू केल्यावर एकदम गप्प. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत चालू करू नका, तरी बॉनेट कोमट लागलं. चांगली लांब चक्कर मारून इंजिन तापवलं आणि मग ब्लॉकवर तिसऱ्या सिलिंडरच्या खाली स्वच्छ ठोका, त्याच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढलं की नाहीसा. डिपस्टिकवरचं ऑइलही हाताला जरा जास्तच घट्ट लागत होतं, घट्ट ऑइलने असा आवाज काही काळ दबतो. गाडी सोडून दिली. गाडी आपलीच असेल तर ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा, चमकणारे कण दिसले तर त्यावर लोहचुंबक फिरवा. जे चिकटत नाहीत ते बेअरिंगच्या शेलचे असण्याची शक्यता मोठी, कारण त्यात तांबं, कथील, अ‍ॅल्युमिनियम असतं.

साधनाच्या तक्रारीही आहेत. कानात घालायचे बोंडे कडक, जास्त वेळ ठेवले की कान दुखतात, मी मऊ सिलिकॉनचे लावलेत. सळईची चुडी (आटे) थरथरीने सैल होते आणि मग तिचाच खुळखुळाट ऐकू येतो, दरवेळी आधी आवळून घ्यायची. एक्झॉस्टजवळ नळी सतत राहिली तर रबर कडक पडतं. पण त्याच एक्झॉस्टसाठी याचा एक उपयोग आहे. सळई काढून टाकायची आणि नुसती मोकळी नळी मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) जोडावरून, धातूला न टेकवता फिरवायची. गॅसकेट फाटलं असेल तर तिथे फट् फट् असा हवेचा आवाज थेट कानात येतो. हे थंड इंजिनावरच करा, कारण धातू तापून फुगला की फट बंद होते आणि टिकटिक गायब, आणि मग लोक टॅपेटच्या मागे लागतात.

चालत्या गाडीत येणाऱ्या आवाजाला हा निरुपयोगी आहे, त्यासाठी चिमट्यासारखे मायक्रोफोन ठिकठिकाणी लावून आत बसून ऐकायचा इलेक्ट्रॉनिक प्रकार मिळतो, तो मी अजून वापरलेला नाही. उभ्या गाडीतल्या आवाजाला मात्र हा साधा स्टेथोस्कोप आणि सोबत एक ऑइल प्रेशर गेज एवढं पुरतं, आणि दोन्हीतलं एकच घेणार असाल तर गेज ओळखीच्या कुणाकडून मागून आणा, स्टेथोस्कोप स्वतःचा ठेवा, कारण चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचा आवाज अधूनमधून ऐकून कान तयार असेल तरच बिघडलेला आवाज ओळखता येतो.