लाइटहाउस: संथ इंटरनेटवरील वापरकर्त्यांसाठी कितपत उपयोगी?

गूगलचे लाइटहाउस हे वेबपाने तपासून त्यांना गुण देणारे मोफत साधन क्रोम ब्राउझरमध्येच मिळते, आणि मोबाइलसाठी पान तपासताना ते सेकंदाला सुमारे १.६ मेगाबिट इतका संथ वेग गृहीत धरते, ही त्यातली मला सर्वाधिक आवडलेली बाब आहे. एका अर्जाच्या पानावर ते चालवले, तेव्हा वरच्या शोभेच्या छायाचित्राचा आकार ३ मेगाबाइट असल्याचे दिसले. म्हणजे या वेगाने नुसते ते चित्र उतरायलाच सुमारे १५ सेकंद लागणार होते. लांबी-रुंदी कमी करून ते वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्रस्वरूपात साठवल्यावर १०० किलोबाइटच्या आत आले. पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, हा लाइटहाउसचा निकषही रास्त आहे.

मात्र १०० पैकी मिळणाऱ्या गुणांवर विसंबून राहू नये, असे मी आवर्जून सांगेन. नव्वदीपलीकडचे गुण मिळालेले तेच पान मी संगणकाची फारशी सवय नसलेल्या एका काकूंना वापरायला दिले. ‘पाठवा’ हे बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच हालले नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा पुन्हा दाबले, आणि अर्ज चार वेळा गेला. कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे मेन्यू आहे, हे तर त्यांच्या लक्षातच आले नाही. या दोन्ही त्रुटी लाइटहाउसच्या अहवालात कुठेही नव्हत्या. बटण दाबताच ‘अर्ज पाठवत आहोत, कृपया थांबा’ असे दाखवणे आणि रेघांशेजारी ‘मेन्यू’ हा शब्द लिहिणे, एवढ्याला कोडच्या मोजक्या ओळी पुरल्या.