‘गॅलक्सी’ मॅग्नोलिया: उशिरा फुलणारे, पण जागा मागणारे झाड

न्यू जर्सीत वसंताच्या तोंडावर घरोघरच्या अंगणांत जे गुलाबी मॅग्नोलिया फुललेले दिसते, ते बहुधा सोलांजियाना या जुन्या फ्रेंच संकराचे असते. ते देखणे असते यात शंका नाही; पण त्याचा बहर थंडीच्या शेवटच्या तडाख्यात हमखास सापडतो आणि एका कडक रात्रीनंतर सगळे झाड तपकिरी चिंध्यांनी भरून जाते. म्हणूनच पानगळीच्या, मोठ्या फुलांच्या जातींपैकी मी ‘गॅलक्सी’ निवडली. ती निवड योग्य ठरली, असे आता निःशंकपणे म्हणता येते.

ही जात वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात १९६३ साली केलेल्या संकरातून निघाली आणि १९८० साली बागायतदारांच्या हाती आली. तिच्या आईबापांकडे पाहिले की तिचे गुण कुठून आले ते कळते. एकीकडे लिलिफ्लोरा ही मॅग्नोलियाची झुडूपवजा, गडद जांभळ्या फुलांची आणि उशिरा फुलणारी जात. तिच्या ‘नायग्रा’ या वाणाकडून रंग आणि उशीर आला. दुसरीकडे स्प्रेंजेरी या मॅग्नोलियाच्याच दुसऱ्या जातीचा ‘दीवा’ हा वाण, ज्याचे बी वनस्पतिसंग्राहक अर्नेस्ट विल्सन यांनी चीनमधून इंग्लंडला पाठवले होते. त्याच्याकडून उंची, सरळ बुंधा आणि फुलाचा आकार आला. सोलांजियाना ओसरू लागते तेव्हा ‘गॅलक्सी’ रंगात येते. हिमाचे भय यामुळे पूर्णपणे टळत नसले तरी बहर पदरात पडण्याची शक्यता पुष्कळच वाढते.

फूल चांगले वीतभर रुंद, बाहेरून लालसर जांभळे आणि आतून फिकट गुलाबी असते. पानांच्या आधी, नुसत्या राखाडी फांद्यांवर ते उमलते, त्यामुळे रंगाच्या आड काहीही येत नाही. मला मात्र उमललेल्या फुलाइतकीच कळीही पाहावीशी वाटते. हिवाळाभर तिच्यावर दाट लवेचे आवरण असते. ते फाटून कळी फुगू लागली की उन्हाकडची दक्षिण बाजू आधी वाढते आणि सगळ्या कळ्यांची टोके उत्तरेकडे झुकतात. खिडकीतून हे झुकणे स्पष्ट दिसते. सुगंधाची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. आपला सोनचाफाही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मॅग्नोलियाच आहे, परंतु त्याच्यासारखा घमघमाट इथे नाही. फुलाजवळ नाक नेले तरच मंद वास येतो.

रोप मी घरपोच पाठवणाऱ्या एका रोपवाटिकेकडून मागवले. बांधणी उत्तम होती: खोड बांबूला बांधलेले, माती ओलसर, एकही कळी मोडलेली नाही. तक्रार दोन गोष्टींची आहे. कुंडीतून काढल्यावर मुळांनी तळाशी घट्ट वेटोळे घातलेले दिसले, म्हणजे रोप त्या कुंडीत वाजवीपेक्षा जास्त काळ राहिले होते. मॅग्नोलियाची मुळे मांसल आणि ठिसूळ असतात, इतर झाडांसारखी ती खसाखसा मोकळी करता येत नाहीत. बोटांनी हळूहळू उलगडत बसावे लागले. दुसरे म्हणजे, सोबतच्या चिठ्ठीवर हे झाड ‘छोट्या बागेसाठी’ असल्याचे छापले होते. ते दिशाभूल करणारे आहे. ‘गॅलक्सी’ ३० ते ४० फूट उंच आणि २० फुटांहून अधिक रुंद होऊ शकते, आणि एकदा रुजलेले मॅग्नोलिया हलवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे. टाऊनहाऊसच्या चिंचोळ्या अंगणात राहणाऱ्यांनी ‘सुझन’ किंवा ‘अ‍ॅन’ यांसारख्या ठेंगण्या जाती घ्याव्यात. त्याही उशिराच फुलतात.

देखभाल अवघड नाही, फक्त काही पथ्ये आहेत. माती किंचित आम्ल आणि पाणी न साचणारी हवी. लागवड वसंतात करावी, कारण जखमी मुळे थंडीत भरून येत नाहीत. मुळे वरच्या थरातच पसरत असल्याने बुंध्याभोवती खणू नये. तिथे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला भिडू देऊ नये. छाटणी करायचीच असेल तर बहर संपताच करावी, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. पाने चिकट आणि काळपट होऊ लागली तर फांद्यांवर खवले कीड शोधावी; थोडी असेल तर जुन्या दातघासणीने खरवडून निघते.

ज्यांच्याकडे दुपारपर्यंत ऊन येणारी, वाऱ्यापासून आडोसा असलेली मोकळी जागा आहे, त्यांनी ही जात जरूर लावावी. रोप घेताना शक्यतो प्रत्यक्ष जाऊन कुंडीच्या तळाची भोके पाहावीत. तिथून जाड मुळे बाहेर डोकावत असतील, तर उंची कमी असलेले पण ताजे रोप मागून घ्यावे.