पेपेन टिकवायचे कसे: गोठवून वाळवावे, फवारून वाळवावे की द्रवरूपात ठेवावे?

शहादा परिसरातील पपईच्या बागा पाहून चिकापासून पेपेन (प्रथिने तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम) काढण्याचा उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्यांसमोर लवकरच प्रश्न येतो तो फ्रीझ ड्रायर (गोठवून वाळवणारे यंत्र) घ्यावा की नाही, हा. माझ्या मते औद्योगिक दर्जाच्या पेपेनसाठी तो बहुधा घेऊ नये. मात्र त्यामागची कारणे समजून घेणे आवश्यक आहे, कारण दुसऱ्या एखाद्या विकरासाठी हेच उत्तर नेमके उलट येऊ शकते.

फ्रीझ ड्रायिंगमध्ये द्रावण सुमारे उणे ४० अंश सेल्सिअसला गोठवून, ०.१ ते ०.३ मिलिबार इतक्या कमी दाबाखाली बर्फाची थेट वाफ केली जाते आणि नंतर २५ अंशांच्या आसपास उरलेले बांधीव पाणी काढले जाते. शेवटी ओलावा १ ते ३ टक्के राहतो आणि उष्णतेने बिघडणारे विकर वाचते. पण गोठवणे निरुपद्रवी आहे, हा समज चुकीचा आहे. बर्फ तयार होताना उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात. सोडियम फॉस्फेटचे बफर (सामू, म्हणजे pH, स्थिर ठेवणारे द्रावण) असेल तर त्यातील एक क्षार आधी स्फटिक होऊन सामू बराच खाली येतो आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेजसारख्या अनेक प्रथिन-साखळ्या जोडून बनलेल्या विकरांची रचना विस्कटते. म्हणून ट्रेहॅलोज (एक प्रकारची शर्करा) किंवा साखर मिसळावी लागते, कारण पाणी गेल्यावर प्रथिनाला आधार देणारे बंध तीच पुरवते. केवळ मॅनिटॉल (साखरेसारखा, पण स्फटिक होणारा पदार्थ) घातल्यास वडी दिसायला सुबक होते, संरक्षण मात्र मिळत नाही. शिवाय एक घाणा एक ते तीन दिवस चालतो. त्यात वीज जाऊन कंडेन्सर आणि व्हॅक्यूम पंप थांबले तर बर्फ वितळून माल खचतो व बिघडतो, त्यामुळे जनरेटरचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

स्प्रे ड्रायिंगमध्ये द्रावण बारीक थेंबांत गरम हवेत फवारतात. आत येणारी हवा साधारण १५० ते १८० आणि बाहेर जाणारी ७० ते ९० अंशांची असते, हे आकडे ऐकून घाबरायला होते. प्रत्यक्षात थेंबातून पाणी उडत असेपर्यंत तो हवेपेक्षा बराच थंड राहतो आणि वाळण्याचे काम काही सेकंदांत आटोपते. पेपेन मुळातच उष्णता बऱ्यापैकी सोसणारे विकर आहे. त्याचा खरा शत्रू ऑक्सिडेशन आहे, कारण त्याच्या क्रियाकेंद्रातील (प्रथिने तोडण्याचे काम होते त्या जागेतील) सिस्टीन या अमिनो आम्लाचा गंधक-गट हवेने निकामी होतो. म्हणूनच चीक लोखंडी भांड्यात गोळा करत नाहीत आणि त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. फ्रीझ ड्रायर ही अडचण सोडवत नाही. उलट त्याची सच्छिद्र पूड हवा आणि दमटपणा अधिक वेगाने ओढते. स्प्रे ड्रायिंगचा गंभीर दोष म्हणजे बारीक भुकटी. पेपेनच्या धुळीने कामगारांना दमा जडू शकतो, त्यामुळे बंदिस्त हाताळणी, धूळ ओढणारी यंत्रणा आणि योग्य मास्क यांत काटकसर करूच नये.

ग्लिसरॉल घालून द्रवरूपात ठेवणे सर्वांत स्वस्त वाटते, परंतु पेपेन प्रथिने तोडणारे असल्याने द्रावणात ते हळूहळू स्वतःलाच पचवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा शीतसाखळीविना असा माल पाठवू नये.

मांस मऊ करण्यासाठी किंवा बिअरचा गढूळपणा टाळण्यासाठी घाऊक प्रमाणात माल विकायचा असेल, तर स्प्रे ड्रायर पुरेसा आहे. निदान-किटसाठी लागणारे, ग्रॅमवर विकले जाणारे नाजूक विकर बनवायचे असेल, तरच फ्रीझ ड्रायरचा खर्च निघतो. दोन्ही बाबतींत पावसाळ्यापूर्वी नायट्रोजन भरून सील केलेल्या ॲल्युमिनियम लॅमिनेटच्या लहान पिशव्यांची आणि आर्द्रता नियंत्रित असलेल्या भरण-खोलीची सोय करावी.

यंत्राची ऑर्डर देण्याआधी एकाच चिकाचे दोन नमुने बाहेरून दोन्ही पद्धतींनी वाळवून घ्यावेत, सीलबंद पिशव्यांत ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला तीन महिने ठेवावेत, दरमहा क्रियाशीलता मोजावी आणि खर्चाची तुलना प्रतिकिलोऐवजी शिल्लक राहिलेल्या प्रत्येक क्रियाशील एककामागे (विकराच्या कामाच्या क्षमतेच्या मापामागे) करावी.