वेळेनुसार वीजदर असताना घरचा हीट पंप कसा चालवावा?

ठरावीक तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग असा दर घेतला की पहिला विचार सरळ असतो: स्वस्त तासांत पंप पूर्ण जोरात चालवायचा, महाग तासांत बंद ठेवायचा. साध्या विजेच्या हीटरसाठी हा हिशेब बिनचूक आहे. तो एका युनिटची एक युनिट उष्णता करतो, रात्री दोनला जेवढी तेवढीच संध्याकाळी सातला. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात आणतो आणि ती किती अंश वर चढवायची यावर त्याची वीज ठरते. बाहेर ७ अंश आणि पाइपांतलं पाणी ३५ अंश असेल, तर चांगला पंप एका युनिटमागे चार किंवा त्याहून थोडी जास्त युनिटं उष्णता देतो. बाहेर उणे ७ आणि पाणी ५५ अंश झालं की तोच पंप दोनच्या आसपास येतो. हे गुणोत्तर म्हणजे सीओपी. खालच्या सगळ्या तुलनेत मी एकच आकडा धरला आहे: युनिटचा दर भागिले त्या वेळचा सीओपी. घर तापवायला खरोखर किती पैसे पडतात ते तो सांगतो.

सगळं स्वस्त तासांत, की दिवसभर मंद?

इन्व्हर्टर पंप, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा पंप, दिवसभर मंद चालला तर कोमट पाण्यावर काम भागवतो. चोवीस तासांची उष्णता सहा-सात तासांत कोंबायची म्हटली की रेडिएटरमधून, म्हणजे खोलीतल्या गरम पाण्याच्या पॅनेलमधून, जास्त उष्णता बाहेर पडायला हवी, त्यासाठी पाणी जास्त गरम हवं, आणि पाणी एक अंशाने वाढलं की सीओपी साधारण दोन-तीन टक्क्यांनी उतरतो. त्यात स्वस्त तास रात्रीचे असतील तर बाहेरची हवाही दिवसातली सर्वांत गार. शून्याच्या जरा वरच्या दमट हवेत बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचतो आणि तो वितळवण्यात थोडी उष्णता उलटी जाते, ते वेगळंच.

आकडे धरून पाहू. दिवसा दर २, सीओपी ४: उष्णतेचं एक युनिट ०.५० ला पडलं. रात्री दर १, पण ४५ अंशांच्या पाण्यामुळे आणि थंडीमुळे सीओपी २.८: ते ०.३६ ला पडलं. दर निम्मा होता, बचत मात्र तीस टक्क्यांहून कमी. आता रात्रीचा दर १.५ धरा. उष्णता ०.५४ ला पडते, म्हणजे ‘स्वस्त’ तासांत पंप चालवून तोटा. या उदाहरणात रात्रीचा दर दिवसाच्या ७० टक्क्यांखाली असल्याशिवाय काहीच हाती लागत नाही. शिवाय रात्रभर घर जास्त तापवलं तर भिंतींतून बाहेर जाणारी उष्णताही वाढते. आत २० आणि बाहेर ५ असताना आतलं तापमान एका अंशाने वाढवलं तर गळती सुमारे सात टक्क्यांनी वाढते.

स्वस्त तास दुपारचे असतील तर चित्र उलटतं. सौरऊर्जा भरपूर असलेल्या ग्रिडवर असे दर मिळतात. तेव्हा हवाही दिवसातली सर्वांत उबदार असते, दर आणि सीओपी एकाच बाजूला येतात. असा दर मिळत असेल तर भर दुपारी घर जरा जास्त तापवून ठेवायला मी कचरणार नाही.

फक्त महाग तास टाळणं

माझा कौल बहुतेक घरांसाठी या मधल्या पद्धतीला आहे. पंप दिवसरात्र मंदच चालतो. संध्याकाळच्या सर्वांत महाग दोन-तीन तासांत तेवढा थांबतो किंवा अगदी हळू होतो, आणि त्याआधीच्या दोन तासांत घर अर्धा ते एक अंश जास्त तापवून ठेवलेलं असतं. पाणी फार तापवावं लागत नाही, म्हणून सीओपीला फारसा धक्का नाही. वरच्याच मापात त्या तासांचा दर ३ असेल तर उष्णता ०.७५ च्या पुढे पडते. सर्वांत महाग उष्णता तेवढी आपण विकत घेत नाही.

हे जमेल की नाही ते घराच्या वजनावर आहे. जाड विटा, काँक्रीट आणि चांगलं इन्सुलेशन असलेलं घर तीन तासांत अंश-दीड अंश उतरतं, आणि घरच्यांना कळतही नाही. हलक्या लाकडी किंवा पत्र्याच्या बांधणीचं, फटींतून वारा येणारं घर तेवढ्याच वेळात चार अंश गार होऊ शकतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा थंडीच्या एका संध्याकाळी पंप तीन तास बंद ठेवून थर्मोमीटर बघावा. दीड अंशाच्या आत उतरला तर ही पद्धत चालेल. तीन-चार अंश उतरला तर आधी इन्सुलेशनवर खर्च करा, दर बदलण्याचं नंतर बघू.

एक सापळा इथे हमखास असतो. पंपाच्या आत बहुधा एक साधा विजेचा हीटरही बसवलेला असतो, आणि त्याचा सीओपी फक्त १. घर फार गार होऊ दिलं की पुन्हा तापवताना नियंत्रक घाईला येतो आणि हा हीटर चालू करतो. सगळी बचत अर्ध्या तासात उडते. तो बाहेरच्या ठरावीक तापमानाखालीच चालू होईल अशी सोय बहुतेक यंत्रांत असते. बसवणाऱ्याकडून ती तपासून घ्यावी.

अंघोळीचं पाणी

यात फार वाद नाही. पाण्याची टाकी कोणत्याही वेळी भरली तरी तापवायची ५० अंशांपर्यंतच, म्हणजे घाई केल्याचा दंड इथे लागत नाही. २०० लिटर पाणी १५ वरून ५० अंशांवर न्यायला आठ युनिटांच्या आसपास उष्णता लागते, पंपाला सुमारे तीन युनिट वीज. चांगली टाकी दिवसभरात एक-दोन युनिट उष्णता गमावते. वेळ बदलायची तर सुरुवात इथून करा, तेही स्वस्त तासांच्या शेवटी, म्हणजे टाकी उगाच गरम पडून राहणार नाही. कोमट पाण्यात वाढणारा लिजिओनेला जिवाणू मारण्यासाठी अधूनमधून ६० अंशांची फेरी असते, तीही याच तासांत लावावी. ती फेरीच रद्द करून पैसे वाचवू नयेत.

उष्णता साठवायची की वीज?

घर तापवण्यासाठी मोठी बफर टाकी, म्हणजे गरम पाणी साठवून ठेवणारी टाकी, घ्या, असा सल्ला मिळतो. ५०० लिटर पाणी दहा अंश जास्त तापवलं तर त्यात सहा युनिटांहून थोडी कमी उष्णता राहते. तासाला पाच युनिट उष्णता लागणाऱ्या घराला ती सव्वा तासही पुरत नाही, आणि जागा, टाकी, पाइप यांचा खर्च वेगळा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

जमिनीखाली पाइप असतील तर साठा घरातच आहे. ५० चौरस मीटरची, १० सेंटीमीटर जाडीची काँक्रीटची लादी एका अंशाला पावणेतीन-तीन युनिट उष्णता धरते. तीन अंशांत ती त्या टाकीला मागे टाकते, आणि तेही ३०-३५ अंशांच्या पाण्यावर. मात्र लादी तापायला आणि निवायला कित्येक तास घेते. सकाळी तापवली आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की खोली नको इतकी गरम होते.

बॅटरीचं गणित वेगळं. ती वीज साठवते, म्हणून पंप आपल्या संथ चालीतच राहतो आणि सीओपी बिघडत नाही. भरणं आणि काढणं मिळून दहा-पंधरा टक्के वीज जाते. दहा युनिटांची बॅटरी त्याच पाच युनिट उष्णतेच्या घराला, सीओपी तीन धरला तर, पाच-सहा तास सांभाळते. संध्याकाळ सहज निघते. पण फक्त पंपासाठी ती घेऊ नये: थंडीचे महिने सोडले तर ती रिकामी बसेल. स्वयंपाक, गाडीचं चार्जिंग, छतावरचे पॅनेल हे सगळं तिच्यावर येणार असेल तरच विचार करावा.

कोणता दर घ्यावा

दोन टप्प्यांच्या दरात रात्र स्वस्त होते तशी दिवसाची वीज बहुधा महाग होते. सपाट, म्हणजे चोवीस तास एकच असलेला, दर १ असेल, रात्रीचा ०.५ आणि दिवसाचा १.१५, तर एकूण वापराचा किमान २३ टक्के भाग रात्री गेल्यावरच तुम्ही सपाट दराशी बरोबरी करता. गाडी घरी चार्ज होत असेल तर हा आकडा आपोआप गाठला जातो. नुसत्या पंपावर, दिवसभर घरात माणसं असताना, गाठणं कठीण.

तासागणिक बदलणारा दर हवा सौम्य असताना फार मोहक दिसतो. पण वारा पडलेल्या, कडाक्याच्या थंडीच्या संध्याकाळी ग्रिडवर मागणी वाढते, दर चढतात, आणि नेमका तेव्हाच तुमचा पंप सर्वांत जास्त वीज खातो. म्हणून वर्षाची सरासरी पाहून ठरवू नका. स्मार्ट मीटरवरचा मागच्या वर्षीच्या सर्वांत थंड महिन्याचा तासवार वापर काढा आणि सपाट, दोन टप्प्यांचा आणि तासागणिक असे तीनही दर त्यावर लावून बघा. मागचा हिवाळा जुन्या बॉयलरवर काढला असेल आणि हा आकडाच हाताशी नसेल, तर पहिला हंगाम सपाट दरावर, पंप मंद ठेवून काढा. पुढच्या वर्षी तोच वापर समोर ठेवून दर निवडता येईल.