अंतराळवीर व्हावं की टॉवेलचा कारखाना सांभाळावा?

भाच्याची बारावी झाली आणि घरात दोन पक्ष पडले. सोलापुरात अक्कलकोट रोडला दाजींचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तो पोरगाच सांभाळणार, हे त्यांनी धरूनच चाललेलं. पोरगं म्हणतं, "मामा, मला अंतराळवीर व्हायचंय." दाजी एवढंच म्हणाले, "का बे?" शेवटी दोन्ही कामं शेजारी शेजारी ठेवून बघायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

आधी अंतर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावर साधारण 400 किलोमीटरवरून फिरतं. म्हणजे सोलापूरहून मुंबई जेवढी, तेवढंच. फक्त सरळ वर. सिद्धेश्वर एक्स्प्रेसला अख्खी रात्र लागते, रॉकेट नऊ-दहा मिनिटांत कक्षेत. पण लगेच हुरळायचं नाही. जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला निघाले, त्यांचं यान स्थानकाला लागेपर्यंत 28 तास गेले. आऊटरला गाडी उभी करायची पद्धत तिथंही आहे. परतीचं तर विचारूच नका. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर 2024 मध्ये आठेक दिवसांसाठी म्हणून गेले आणि 286 दिवसांनी उतरले. अक्कलकोट रोडवरून घरी यायला एवढा वेळ, खड्डे धरूनही, अजून कुणाला लागलेला नाही.

आता खाणं. सोलापूरकराचा खरा प्रश्न हाच, म्हणून इथं जरा रेंगाळतो. कडक भाकरीचं नावच काढू नका. तिथं साधा ब्रेडसुद्धा टाळतात, कारण चुरा खाली पडत नाही. तरंगत राहतो, डोळ्यात जातो, यंत्रात शिरतो. त्यापेक्षा मऊ टॉर्टिया बरा, तो आपल्या पोळीचा मेक्सिकन चुलतभाऊ. 1965 मध्ये जॉन यंग यांनी जेमिनी यानात खिशात लपवून एक सँडविच नेलं. त्याचे तुकडे उडाले आणि प्रकरण अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेलं. एका मऊ सँडविचनं एवढं. आपण मुठीनं भाकरी फोडली असती तर मोहीमच गुंडाळावी लागली असती. शेंगाचटणी तर त्याहून घातक, तिथं मीठ-मिरपूडसुद्धा पातळ करून देतात. आणि गंमत बघा, चटणीची खरी गरज तिथंच आहे. वजन नसलं की अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, सर्दीसारखं नाक चोंदतं, जेवण सपक लागतं आणि भलेभले तिखट सॉस मागतात. शुक्लांनी गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस नेला. तिन्ही ओले, चिकट, न उडणारे. हुशार माणूस.

पाण्यात मात्र आपलं पोरगं पहिल्या नंबरानं पास. चार-पाच दिवसांआड नळ येतो त्या गावात पिंप, घागरी, बादल्या भरायचं प्रशिक्षण जन्मापासूनच सुरू होतं. स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि लघवी गाळून 98 टक्क्यांपर्यंत पाणी परत मिळवतात. ताईनं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, पुण्याची मुळा-मुठा शेवटी आपण पितो त्या उजनी धरणातच येते, तेव्हा कधी विचारलंस का?

प्रत्यक्ष कामाबद्दल पोराचा गैरसमज मोठा आहे. त्याला वाटतं, खिडकीशी बसायचं आणि पृथ्वी बघायची. खिडकी आहे. दीड तासाला एक फेरी, दिवसाला 16 सूर्योदय, सगळं खरं. पण प्रयोग सोडले तर दिवस जातो व्हॅक्यूम फिरवण्यात, गाळण्या साफ करण्यात, बिघडलेला संडास दुरुस्त करण्यात आणि हाडं झिजू नयेत म्हणून रोज दोनेक तास व्यायामात. मग कारखान्यात वेगळं काय आहे? धागा तुटला की जोडा, कांडी संपली की बदला, उडालेला कापूस झाडा. फरक एवढाच की इथं डोक्यावर एक दाजी असतात, तिथं ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात खोलीभर दाजी बसलेले आणि पाच-पाच मिनिटांचं वेळापत्रक. ओव्हरटाइम दोन्हीकडे मिळत नाही.

भरतीचं गणित रडवणारं आहे. नासाच्या 2017 च्या तुकडीला 18,300 च्या वर अर्ज आले, घेतले 12, तेही फक्त अमेरिकी नागरिक. आपल्या गगनयानासाठी 2024 मध्ये जाहीर झालेले चौघंही हवाई दलाचे कसोटी वैमानिक. 1984 चे राकेश शर्माही तसेच. म्हणून माझं मत: हवाई दलात शिरायला एनडीएचा फॉर्म भर आणि निकाल येईपर्यंत मागावर उभा राहा.

दाजी इतका वेळ गप्प होते. स्थानकावर कपडे धूत नाहीत, घाण झाले की कचऱ्याच्या यानात भरून वातावरणात जाळून टाकतात, आणि घामाचे टॉवेल टांगून त्यातलंही पाणी परत घेतात, हे वाचून दाखवलं तेव्हा ते सावरून बसले.

"धूत नाहीत? मग महिन्याला किती डझन लागत असतील बे?"